वाढलेला एसजीपीटी आणि पिशवीभर पूरके : एक प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या जमाखर्च विभागात काम करणारे ४६ वर्षांचे गृहस्थ जुलै महिन्यात पत्नीसह दवाखान्यात आले. सोबत तीन महिन्यांच्या अंतराने केलेले रक्ततपासणीचे दोन अहवाल होते आणि कापड दुकानाची एक पिशवी होती. एप्रिलमध्ये विम्याच्या निमित्ताने केलेल्या तपासणीत एसजीपीटी ९६ आणि एसजीओटी ६२ निघाला होता. जुलैच्या अहवालात हेच आकडे १८८ आणि १२१ झाले होते. मधल्या काळात काय घडले, ते त्या पिशवीत होते.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. तालुक्याच्या गावी वरचेवर दिसणाऱ्या एकाच धाटणीच्या रुग्णांवरून ते रचले आहे, त्यामुळे यातली तपासणीची आकडेवारी कुणा एका माणसाची नाही. संशोधनाचे जे आकडे पुढे येतील ते मात्र प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतले आहेत.

"लिव्हरसाठी म्हणून ज्यानं जे सांगितलं ते सगळं घेतलं डॉक्टर, तरी वाढलंच कसं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त होता. त्यातला 'तरी' हा शब्द तेवढा मला खटकला.

एप्रिलचे ९६

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींमधली विकरे आहेत. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. म्हणजे हा आकडा इजेची वर्दी देतो, यकृत काम कितपत करते आहे हे सांगत नाही. ते पाहायचे तर अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहावा लागतो, आणि या गृहस्थांचे हे तिन्ही दोन्ही वेळा व्यवस्थित होते. बहुतेक प्रयोगशाळा एसजीपीटीची वरची मर्यादा ४० च्या आसपास छापतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ ही मर्यादा सुचवली, त्या हिशेबाने तर अहवालात ठळक अक्षरांत न छापलेले अनेक आकडेही वाढलेलेच ठरतात. शिवाय एसजीओटी स्नायूंमध्येही असते, त्यामुळे आदल्या दिवशी व्यायामशाळेत किंवा शेतात अंगमेहनत झाली असेल तर ते यकृताचा काही दोष नसताना वाढलेले दिसू शकते. तसे इथे काही नव्हते.

दारूची चौकशी मी नेहमी दोनदा करतो, एकदा समोरासमोर आणि एकदा पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहत. दोन्ही वेळा उत्तर 'निर्व्यसनी' असेच आले. हिपॅटायटिस बी आणि सी नव्हता. उंची १६८ सेंटिमीटर, वजन एप्रिलमध्ये ८४ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर, ट्रायग्लिसराइड २२८, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, आणि सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचे फॅटी लिव्हर. एप्रिलच्या ९६ चे कारण यात पुरेपूर मिळते. चयापचयाच्या बिघाडातून होणारा हा चरबीयुक्त यकृताचा विकार आता इतका सार्वत्रिक आहे की केंद्र सरकारने २०२१ मध्ये तो असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

जुलैचे १८८ मात्र यात बसत नव्हते. वजन उलट एक किलोने उतरले होते, कसलाही ताप आला नव्हता, नवीन गोळी सुरू झाली नव्हती. नुसते फॅटी लिव्हर तीन महिन्यांत आपण होऊन असे दुप्पट उसळी सहसा मारत नाही.

पिशवी

पिशवी टेबलावर रिकामी केली. सहा वस्तू निघाल्या, आणि प्रत्येकीमागे कुणीतरी सांगणारा होता.

पहिली बाटली सिलिमरिनची, म्हणजे मिल्क थिसल या युरोपीय काटेरी झाडाच्या बियांच्या अर्काची, १४० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसाला दोन. हिची शिफारस मेहुण्यांची. दुसरी हळदीच्या अर्काची. लेबलावर कर्क्युमिन ९५ टक्के आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'काळी मिरी अर्क'. तिसरी 'वजन घटवण्यासाठी' म्हणून घेतलेली ग्रीन टीच्या अर्काची. अर्क ५०० मिलिग्रॅम एवढेच छापलेले, त्यातला मुख्य घटक ईजीसीजी किती याचा पत्ता नाही. ती ते सकाळी उपाशीपोटी घेत. चौथा गुळवेलीचा रस, कोरोनाच्या काळात घरात शिरला तो राहिलाच. पाचवी भुईआवळीची पूड, गावातल्या एका जाणत्या माणसाकडून आणलेली, वर्तमानपत्राच्या पुडीत. सहावी ४०० युनिटची ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल. ही मुळात लेकीने चेहऱ्याला लावायला मेडिकलमधून आणली होती. लिव्हरला चालते असे मोबाइलवर वाचल्यावर वडिलांनी ती पोटात घ्यायला सुरुवात केली.

पेशाने हिशेबनीस असल्यामुळे त्यांच्याकडे याचाही ताळेबंद होता. महिन्याला ३,२०० रुपये. एवढ्या रकमेच्या मालापैकी कुठल्याही डब्यावर 'यकृताला इजा होऊ शकते' असे एक अक्षर नव्हते. अन्नपूरक म्हणून विकायच्या वस्तूला औषधासारख्या रुग्णांवरच्या चाचण्यांतून जावे लागत नाही, हे अशा वेळी फार जाणवते.

यातल्या तीन वस्तूंचा यकृताशी असलेला संबंध दोन्ही बाजूंनी नोंदलेला आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे.

हळदीचे घ्या. आमटीतली हळद कुणाला बाधल्याचे ऐकिवात नाही, कारण तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून जेमतेमच शोषले जाते. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतले २० मिलिग्रॅम पिपरिन दिले तर माणसात त्याची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये मिरी आली. फॅटी लिव्हरच्या रुग्णांना कर्क्युमिन देऊन काही आठवड्यांत एसजीपीटी उतरल्याचे सांगणारे अभ्यास आहेत, पैकी बरेचसे इराणमधले आणि लहान. पण अमेरिकेत औषधजन्य यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले आणि त्यातल्या सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार आढळला. म्हणजे स्वयंपाकघरातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद या दोन निराळ्या वस्तू आहेत. दुसरी काहींच्या एसजीपीटीला उतरवते आणि मोजक्या काहींच्या चढवते, आणि आपण कुठल्या गटातले हे घेणाऱ्याला आधी कळत नाही.

ग्रीन टीचेही तसेच. कपात पाने बुडवून केलेला चहा निराळा आणि अर्काची कॅप्सूल निराळी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे म्हटले की पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पोटात गेले तर एसजीपीटी-एसजीओटी वाढलेले आढळतात. या गृहस्थांच्या पोटात किती जात होते ते लेबलावरून काढता येईना. उपाशीपोटी मात्र ते जास्त शोषले जाते, आणि ते घेत होते उपाशीपोटीच.

गुळवेलीबद्दल बोलताना आवाज जपून लावावा लागतो, कारण विषय लगेच आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी या आखाड्यात जातो. घटना अशा : २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत सहा रुग्ण यकृताच्या दाहाने आले, सहाही जण गुळवेल घेत होते, आणि त्यांच्यात स्वप्रतिकारक यकृतदाहासारखी लक्षणे होती. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वापरलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. त्यानंतर देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरे आहे. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच यकृतावर उलटण्याच्या बेतात असते, त्याच्या बाबतीत प्रतिकारशक्ती 'वाढवणे' हे नेमके नको असलेले काम ठरू शकते. म्हणून या गृहस्थांची एएनए आणि आयजीजी ही, प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली आहे का हे पाहणारी, तपासणी केली. एएनए १:८० म्हणजे नाममात्र होते, आयजीजी सामान्य. त्यामुळे बायोप्सीची, म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासण्याची, घाई केली नाही.

भुईआवळीची पूड पाहून मला वाईट वाटले, कारण तिची गोष्ट खरेच आशेने सुरू झाली होती. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की हिपॅटायटिस बीच्या वाहकांना महिनाभर भुईआवळी दिल्यावर ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे संसर्गाची खूण, नाहीसे झाले, औषधाविना गोळी दिलेल्यांत ते प्रमाण ४ टक्के होते. जगभर खळबळ उडाली, पण नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. गावोगावी कावीळीवर जी भुईआवळी दिली जाते तिचे यश बहुतांशी कावीळीच्या स्वभावात आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि उतरण्याच्या वेळी जो काढा चालू असेल त्याच्या नावावर ती जमा होते. हे उदाहरण हिशेबनिसाला लगेच पटले. खात्यावर नोंद कुणाच्या नावाने पडते यावर त्यांचे सगळे आयुष्य गेले आहे.

सहा आठवडे काहीच नाही

पहिला निर्णय सोपा होता आणि रुग्णाला तो सर्वांत जड गेला. सहाही वस्तू एकदम बंद, आणि त्यांच्या जागी काहीही नाही. "म्हणजे औषध काहीच देणार नाही?" पत्नीने विचारले. त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती मला समजत होती. फी घेऊन मोकळ्या हाताने पाठवणारा डॉक्टर कुणाला आवडतो? लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा मळमळ वाढली तर त्याच दिवशी यायचे, एवढे सांगून दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासायचे ठरले.

दोन आठवड्यांनी एसजीपीटी १३१. सहा आठवड्यांनी ९८, एसजीओटी ६०. म्हणजे आकडा एप्रिलच्या जागी परत आला होता आणि तिथेच थांबला होता. वरचे नव्वदेक पिशवीचे होते. खालचे शंभराच्या जवळचे पोटाच्या घेराचे. औषधजन्य इजा सिद्ध करणारी अशी कुठली एक चाचणी नाही. इतर कारणे वगळायची, काळाचा मेळ पाहायचा आणि बंद केल्यावर उतरते का ते पाहायचे, एवढेच हातात असते. सहांपैकी नेमके कोण, हे मी सांगू शकत नाही. संशय कर्क्युमिन-मिरी आणि ग्रीन टीच्या अर्कावर जास्त, गुळवेलीवर त्याखालोखाल. एकेक पुन्हा सुरू करून शहानिशा करणे धोक्याचे असते, त्यामुळे ते केले नाही.

इथे एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. यकृतात तंतुमयता किती, म्हणजे व्रण किती साचले आहेत, याचा अंदाज वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढतात, त्याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली असेल तर काळजी कमी. एप्रिलच्या आकड्यांवर तो १.३४ येत होता आणि जुलैच्या आकड्यांवर १.९. जुलैचा आकडा भीतिदायक होता पण फसवा होता, कारण ताज्या इजेने एसजीओटी चढलेला असताना हे सूत्र चुकते. सहा आठवड्यांनंतर तो १.२७ झाला. काठावरचा होता म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन केला; ७.४ किलोपास्कल, म्हणजे मोठी तंतुमयता असण्याची शक्यता कमी. हा अहवाल एसजीपीटीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचा होता, हे त्यांना समजावायला मला बराच वेळ लागला.

मग सहांपैकी एखादे तरी?

"आता निदान यातलं एखादं चांगलं असेल ते तरी ठेवू का?" हा प्रश्न सप्टेंबरमध्ये आला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता, कारण एका वस्तूपाशी खरेच पुरावा आहे.

ई जीवनसत्त्वाचा तो पुरावा २०१० चा. मधुमेह नसलेल्या, बायोप्सीने यकृतदाह सिद्ध झालेल्या २४७ प्रौढांवर ९६ आठवडे चाललेल्या अमेरिकी चाचणीत रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या यकृताच्या ऊतींत सुधारणा दिसली, औषधाविना गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. एसजीपीटीही उतरला. तंतुमयता मात्र हलली नाही. वर्षभराने, २०११ मध्ये, ८ ते १७ वयाच्या १७३ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात एसजीपीटीच्या टिकाऊ घसरणीत ई जीवनसत्त्व आणि नुसती गोळी यांत ठळक फरक आढळला नाही, आणि तरीही बायोप्सीत दाह निवळलेल्या मुलांचे प्रमाण ५८ टक्के विरुद्ध २८ टक्के असे निघाले. आकडा आणि ऊती यांची वाट अशी वेगळी होऊ शकते. केवळ 'एसजीपीटी उतरवणारे पूरक' शोधणाऱ्याने ही मुलांची चाचणी जरूर लक्षात ठेवावी.

या गृहस्थांच्या बाबतीत तीन अडचणी होत्या. बायोप्सी नव्हती, म्हणजे दाह आहे की नुसती चरबी हे नक्की नव्हते. चाचणीतली मात्रा त्यांच्या कॅप्सूलच्या दुप्पट होती. आणि तिसरी अडचण घरातली होती. वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. निरोगी पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ३५,००० हून अधिक जणांमध्ये, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, हेही २०११ मध्येच प्रसिद्ध झाले. नफा आणि जोखीम ताळेबंदाच्या दोन बाजूंना मांडून दाखवल्यावर नको म्हणण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. हा इतिहास नसता, बायोप्सीत दाह दिसला असता, तर मी कदाचित उलट सल्ला दिला असता.

सिलिमरिनचे प्रकरण सौम्य आहे. मलेशियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांवरच्या चाचणीत निम्म्यांना ते ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे ४८ आठवडे दिले गेले. ठरवलेले मुख्य उद्दिष्ट, म्हणजे दाहाच्या गुणांकात ३० टक्के घट, ३२.७ टक्के लोकांत साधले आणि नुसत्या गोळीवर २६ टक्क्यांत. हा फरक ग्राह्य धरण्याजोगा नव्हता. तंतुमयतेत थोडी आशा दिसली. नुकसान जवळपास नाही, पण दिवसाला २,१०० मिलिग्रॅम कुठे आणि मेहुण्यांचे २८० कुठे! ते घेतले काय आणि न घेतले काय. ओमेगा-३ ने यकृतातली चरबी आणि ट्रायग्लिसराइड थोडे उतरतात, दाह उतरत नाही; त्याची गरज वाटली नाही.

उरली कॉफी. नियमित कॉफी पिणाऱ्यांत एसजीपीटी कमी आणि सिरोसिस विरळ, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत सातत्याने आढळले आहे. मी दिवसाला दोन कप बिनसाखरेची कॉफी सुचवली. "कॉफी आमच्यात पाहुणा आला तरच होते," पत्नी म्हणाल्या. पण त्या निमित्ताने चहाचा हिशेब निघाला. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून पन्नासेक ग्रॅम. कारखान्यातल्या माणसाला साखर कमी करा सांगणे म्हणजे थोडे विनोदीच. त्यांनी गुळाचा चहा चालेल का विचारले. यकृताला त्यातला फरक कळत नाही, असे उत्तर दिले.

पुढचे सात महिने थोडक्यात सांगण्यासारखे आहेत, कारण त्यात नवलाचे काही नाही. चहा दोन कपांवर आला, साखर अर्ध्या चमच्यावर. रात्रीचा भात गेला, ज्वारीची भाकरी एकीवर थांबली, आणि भूक भागवायला मुगाची उसळ वाढली. फरसाण रविवारपुरते. जेवणानंतर कारखान्याच्या वसाहतीत चाळीस मिनिटे चालणे. पहिल्या महिन्यात गुडघा दुखला म्हणून ते दहा दिवस बंद होते, दिवाळीत वजन दीड किलोने परत चढले. क्युबात २९३ रुग्णांवर, आधी आणि बहुतेकांची वर्षाने पुन्हा बायोप्सी करून झालेल्या अभ्यासात १० टक्के वा जास्त वजन उतरवणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांचा दाह निवळला आणि ४५ टक्क्यांची तंतुमयता मागे सरली. आमचे गृहस्थ तिथवर पोचले नाहीत. ८३ वरून ते ७७.५ वर आले, एप्रिलच्या वजनापासून पावणेआठ टक्के. एसजीपीटी ४१, एसजीओटी ३१, ट्रायग्लिसराइड १५८, फिब-४ एकच्या किंचित खाली. प्रयोगशाळेच्या ठळक अक्षरांत ४१ अजूनही 'जास्त' म्हणून छापून आला होता, आणि त्यांचे बोट पहिल्यांदा तिथेच गेले.

एप्रिलमध्ये शेवटचे आले तेव्हा पिशवी नव्हती. मोबाइलवर एका डब्याचा फोटो होता, मेहुण्यांनी सुचवलेल्या नव्या 'लिव्हर डिटॉक्स' पावडरचा. डबा विकत घेतलेला नव्हता. दुकानात उभे राहूनच त्यांनी मागची, घटक छापलेली बाजू टिपून आणली होती. मी फोटो मोठा करून वाचला. तिसऱ्या ओळीत हळद अर्क, पाचव्या ओळीत काळी मिरी अर्क. त्यांनी ते माझ्या आधीच वाचले होते.